कादंबरी हे एका प्रेमिकेचं नाव आहे

पाऊस परतीला लागला की मराठी वाचणाऱ्या माणसाचे काही ठरावीक चाळे सुरू होतात. यंदा कोणकोणते दिवाळी अंक घ्यायचे याची यादी होते. साहित्य संमेलन कुठे, अध्यक्ष कोण, यावरून गटागटांत वाद रंगतात. आणि या सगळ्याच्या जोडीला, फारसा गाजावाजा न करता, एखादी नवीकोरी प्रेमकथा वाचायची राहून गेलेली असते. ती मोबाइलवर असते, वाचनालयात असते, नाहीतर एखाद्या अंकाच्या शेवटच्या पानांत. पहिल्या दोन गोष्टींबद्दल आपण चारचौघांत बोलतो. तिसरी बहुतेक वेळा एकट्याने वाचतो.

हे चोरून वाचणं आजचं नाही. त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात शरद ऋतू आहे, लेखकांची संमेलनं आहेत, एक सामाजिक बंड आहे, दोन गाजलेले खटलेही आहेत.

सुरुवात शब्दापासूनच करू. इंग्रजीतल्या ‘नॉव्हेल’ला मराठीत प्रतिशब्द हवा होता, तेव्हा आपल्या लोकांनी सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथाचं नाव उचललं. त्या ग्रंथाचं नाव ‘कादंबरी’, आणि कादंबरी हे त्यातल्या नायिकेचं नाव. गंधर्वांची राजकन्या, जन्मजन्मांतरं ओलांडून जाणाऱ्या प्रेमाची नायिका. म्हणजे मराठीत एखादं पुस्तक दुष्काळावर असो, गिरणी कामगारांवर असो नाहीतर पानिपतावर, त्याला आपण नकळत एका प्रेमात पडलेल्या मुलीच्या नावाने हाक मारतो.

लग्न आधी, प्रेम कुठे?

आता गंमत बघा. मराठी कादंबरीची सुरुवात म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, आणि तिचा विषय आहे विधवांची दुःस्थिती. पण तिच्यामागून जी पुस्तकं वाचकांनी उचलून धरली ती वेगळीच होती. लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली १८६८ मध्ये. सुंदर नायक-नायिका, ताटातूट, दुष्टांची कारस्थानं, संकटांमागून संकटं आणि अखेर सगळं गोड. ही पुस्तकं वाचणाऱ्याचं स्वतःचं घर, त्याचा वाडा, त्याची बायको यांचा त्यात मागमूस नव्हता.

असं का, याचं उत्तर रिसबुडांनी ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेतच देऊन ठेवलं आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: आपल्याकडची लग्नाची रीत आणि इतर काही कारणं यांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात रंजक म्हणावं असं काही घडतच नाही. ना गुण तसे, ना दुर्गुण. रोजचंच लिहिलं तर वाचणार कोण? म्हणून मनोरंजन करायचं तर अद्भुताकडेच वळावं लागतं.

ही तक्रार एका कारागिराची आहे. प्रेमकथेला लागतो तो निवडीचा क्षण. हा की तो, हो की नाही, जाऊ की थांबू. मुलगी आठ-दहा वर्षांची असताना तिचं लग्न लागत असेल, आणि मुलालाही कोणी विचारत नसेल, तर निवडीचा क्षण आणायचा कुठून? तो मग गंधर्वनगरीतच सापडणार. आपण त्या जुन्या कादंबऱ्यांना आज हसतो, पण अवास्तव तर ते वास्तवच होतं, ज्यात दोन माणसं एकमेकांना निवडू शकत नव्हती.

१८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ प्रसिद्ध झाला. मराठीतल्या कादंबरी-समीक्षेची ही सुरुवातच म्हणायची. या अद्भुत पुस्तकांना मराठ्यांनी चांगलंच धारेवर धरलं. त्याच वर्षी सरकारने विशेष विवाहाचा पहिला कायदा केला. धार्मिक विधी न करता लग्न नोंदवण्याची सोय त्यात होती, पण अट अशी की वधूवरांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा कोणत्याही धर्माचे नाही असं लिहून द्यायचं. कागदावर आवडीचं माणूस मिळायचं, पण त्यासाठी आधी आपला धर्म सोडल्याचं सांगावं लागायचं.

हिराबागेतली सभा आणि बाहेरची माणसं

११ मे १८७८ रोजी पुण्याच्या हिराबागेत मराठी ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा त्यात पुढाकार होता. मराठीत ग्रंथ वाढावेत, लिहिणाऱ्यांनी एकत्र यावं, हा हेतू. आजचं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपली मोजणी या सभेपासून करतं.

चारच वर्षांनी, १८८२ मध्ये, ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापून आलं. एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांवर जे तोंडसुख घेतलं होतं, त्याला बुलढाण्याच्या या बाईने दिलेलं ते उत्तर होतं. त्यात त्यांनी ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या पुस्तकांनाही सोडलं नाही. पुरुषांनी रंगवलेल्या या नायिका कुठल्या जगात राहतात, आणि खऱ्या बाईच्या वाट्याला काय येतं, हा त्यांचा रोख होता. मराठे यांनी या कादंबऱ्यांकडे साहित्याच्या बाजूने पाहिलं होतं, ताराबाईंनी त्यांना बाईच्या बाजूने प्रश्न विचारले. मराठी प्रेमकथेचं हे पहिलं स्त्रीवादी परीक्षण म्हणायला हरकत नाही. त्यांना मोठ्या लोकांत पाठीराखा मिळाला तो एकच. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

मग आलं १८८५. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या.

पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरायची होती. रानड्यांनी फुल्यांना बोलावणं धाडलं. फुल्यांनी पत्राने नकार कळवला. सर्व माणसांचे हक्क जे मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसायचा नाही, असा त्याचा मथितार्थ. पुढे मराठीत जी जी वेगळी संमेलनं भरली, त्या सगळ्यांच्या मुळाशी हे एक छोटं पत्र आहे.

त्याच वर्षी मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंच्या खटल्याचा पहिला निकाल लागला. वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी त्यांचं लग्न लागलं होतं. मोठं झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. दादाजीने दावा लावला. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला आणि गहजब झाला. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. मी तुरुंगात जाईन, असं रखमाबाईंनी कळवलं. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

आणि तिसरी गोष्ट: एकवीस वर्षांच्या हरी नारायण आपट्यांची ‘मधली स्थिती’ याच वर्षी आली.

हे तीन धागे मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. एकीकडे ग्रंथ कसे वाढतील याचा विचार करणारी सभा. दुसरीकडे तिच्यात न बसणारा माणूस. तिसरीकडे एक बाई कोर्टात उभी राहून सांगते आहे की मला हा माणूस नको. रिसबुडांना जो निवडीचा क्षण मराठी आयुष्यात सापडत नव्हता, तो असा कोर्टाच्या दप्तरात येऊन बसला. ‘हो’ म्हणणारी नायिका मिळायला अजून वेळ होता, पण ‘नाही’ म्हणणारी आली होती.

नवराबायकोचं प्रेम

आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः छापायला घेतली. यमू नावाची मुलगी आपली गोष्ट स्वतः सांगते. हिला आपण सामाजिक कादंबरी म्हणून ओळखतो, अभ्यासाला लागते म्हणून घाबरतोही. पण तिच्या मधोमध मराठीतली एक फार हळुवार प्रेमकथा आहे. यमू आणि तिचा नवरा रघुनाथराव मुंबईला येतात, एकत्र बसतात, बोलतात, तो तिला शिकवतो. लग्न ठरवलेलंच, पण प्रेम नंतर दोघांनी मिळून उभं केलेलं. मोठ्या वाड्यात, वडीलधाऱ्यांच्या देखत, नवऱ्याशी बोलायचीसुद्धा चोरी असलेल्या बायकांनी हे वाचलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? आणि मग आपटे त्या घरावर कुऱ्हाड घालतात. रघुनाथराव जातो. पुढे यमूचं जे होतं ते वाचवत नाही.

ही कादंबरी हप्त्याहप्त्याने येत होती, त्याच काळात १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेलं. एवढ्यावरून महाराष्ट्र दोन तट पडून भांडला. त्या भांडणात कायद्याच्या विरोधात लोकमान्य टिळक होते. बारा वर्षं, यावर एवढा वाद. पुढे १९१२ मध्ये आपटे अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

शरदाचा अंक

१९०९ च्या दिवाळीत काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा खास अंक काढला. विलायतेत नाताळाला खास अंक निघत, तसा आपल्या सणाला का नको, ही त्यामागची कल्पना. मराठीतला पहिला दिवाळी अंक तो हाच. मित्रांचं मूळ आडनाव आजगावकर. बंगाली साहित्यावरच्या प्रेमापोटी त्यांनी ‘मित्र’ हे नाव घेतलं.

या कल्पनेने मराठी लेखनाचं वेळापत्रकच बदललं. पाऊस सुरू झाला की संपादकांची पत्रं जायची, श्रावण-भाद्रपदात लेखक मान मोडून लिहायचे, आश्विनात अंक बाजारात. संक्रांतीपर्यंत ते हातोहात फिरायचे. एक अंक घरात आला की आजोबा त्यातलं भविष्य बघणार, वडील राजकारणावरचा लेख, आणि कथा-कादंबरीची पानं सगळ्यांत आधी कोणी उघडली ते कुणी सांगणार नाही. सभेला जायला निमंत्रण लागतं. दिवाळी अंक मात्र स्वयंपाकघरापर्यंत आपला आपण पोचत होता. मराठी प्रेमकथेला तिचे वाचक, आणि मुख्यतः वाचक बायका, मिळाल्या त्या या वाटेने.

फडके, आणि एक टोपणनाव

१९२५ नंतरची वीस-पंचवीस वर्षं प्रेमकथेच्या बाबतीत ना. सी. फडक्यांची. ‘कुलाब्याची दांडी’, ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ ही नावं एके काळी कॉलेजातल्या मुलामुलींच्या तोंडी होती. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. त्यांचा नायक शिकलेला, देखणा. नायिका कॉलेजात जाणारी, स्वतःचं मत असलेली. दोघांची गाठ योगायोगाने पडणार, गैरसमज होणार, आणि अखेर दोघं एकमेकांना निवडणार. रिसबुडांची अडचण फडक्यांनी अशी सोडवली. गंधर्वनगरीच्या जागी कॉलेज आणलं. तरी हेही ध्यानात ठेवायला हवं की मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ चा, म्हणजे ‘दौलत’ आली त्याच वर्षीचा. फडक्यांची नायिका तिच्या वाचक मैत्रिणींपेक्षा बरीच पुढे चालत होती. मुली तिच्यासारखं पातळ नेसून बघत असतील, पण तिच्यासारखं लग्न ठरवणं किती जणींना जमलं असेल?

१९४० मध्ये रत्नागिरीच्या संमेलनाचं अध्यक्षपद फडक्यांना मिळालं. प्रेमकथा व्यासपीठावर पोचली, असं म्हणता येईल. पुढच्याच वर्षी सोलापूरला अध्यक्ष झाले वि. स. खांडेकर. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा या दोघांच्या नावाने ओळखला जाणारा वाद मराठीत वर्षानुवर्षं चालला.

पण त्या वादात एक तिसरा आवाज धरलाच जात नाही. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आणि १९३४ मध्ये ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. शिकून नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या बायकांनाही प्रेम हवं असतं, शरीर असतं, मूल हवंसं वाटतं, हे या पुस्तकांत सरळ सांगितलं होतं. मोठं वादळ उठलं. ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. विभावरी शिरूरकर नावाची बाई अर्थातच नव्हती. ते टोपणनाव होतं बाळुताई खरे यांचं, म्हणजे लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. फडके प्रेमावर लिहून अध्यक्ष होऊ शकले. त्याच दशकात प्रेमावर लिहिणाऱ्या बाईला आधी नाव लपवावं लागलं.

बाईला संमेलनाचं अध्यक्षपद मिळायला १९६१ उजाडावं लागलं. ग्वाल्हेरच्या त्या संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती देशपांडे. ‘मराठी कादंबरी: पहिले शतक’ लिहून मराठी कादंबरीचा पहिल्या शंभर वर्षांचा हिशेब त्यांनीच मांडला होता. आणि मालतीबाई? त्या १९८१ मध्ये मुंबईत भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. मुख्य मांडवातल्या नव्हे, समांतर.

पंचवीस रुपये दंड

शेवटी दुसरा खटला. हा तर थेट दिवाळी अंकातलाच.

१९६२ च्या दिवाळीत, सीमेवर चीनशी युद्ध चालू असताना, ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया. काकोडकर लोकप्रिय लेखक. संमेलनवाल्यांच्या लेखी त्यांची गणती नव्हती, वाचनालयात मात्र त्यांची पुस्तकं जागेवर सापडायची नाहीत. पुण्याच्या एका गृहस्थांनी फिर्याद केली: ही कथा अश्लील आहे, तरुण पोरं बिघडतील. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलं. हायकोर्टाने निकाल फिरवला. लेखकाला आणि प्रकाशकाला प्रत्येकी पंचवीस रुपये दंड केला, शिवाय अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या.

पंचवीस रुपये भरून काकोडकर मोकळे झाले असते. ते दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेले. ऑगस्ट १९६९ मध्ये निकाल लागला आणि ते निर्दोष सुटले. कोर्टाने जे म्हटलं त्याचा सारांश असा, की शरीरसंबंधांचा उल्लेख आला म्हणून लेखन आपोआप अश्लील ठरत नाही, समाजाच्या कल्पना वेगाने बदलत आहेत, आणि किशोरवयीनांना चालेल तेवढंच लिहायचं असं बंधन लेखकावर घालता येणार नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस राज खोसलांचा ‘दो रास्ते’ झळकला. राजेश खन्ना, मुमताज, तुफान गर्दी. तो सिनेमा काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवर बेतलेला होता.

त्यानंतरही ही परंपरा व्यासपीठापासून लांबच वाढली. शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर यांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून बायकांच्या पिशव्यांमधून घरोघर गेल्या. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ ची. समीक्षकांनी तिची फारशी दखल घेतली नाही, पण होस्टेलच्या खोल्यांमधून ती फिरत राहिली आणि २०१३ मध्ये सिनेमा आल्यावर नव्याने विकली गेली. आज तर लिहिणारी आणि वाचणारी, दोघीही मोबाइलवर आहेत. रात्री एक भाग टाकायचा, सकाळपर्यंत प्रतिक्रिया. ‘करमणूक’चा आठवड्याचा हप्ता आता तासांवर आला आहे. संमेलनाचं सांगायचं तर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या ९८ व्या संमेलनाच्या अध्यक्ष तारा भवाळकर होत्या. अठ्ठ्याण्णव संमेलनांतल्या त्या सहाव्या बाई.

मग परवानगीचा प्रश्न सुटला का? लिहिण्यापुरता बराचसा सुटला. जगण्यापुरता काय झालं, ते ‘सैराट’चा शेवट पाहून गप्प झालेल्या थिएटरांना माहीत आहे. १९५४ मध्ये विशेष विवाहाचा नवा कायदा आला, धर्म सोडल्याचं लिहून द्यायची अट गेली. पण अजूनही त्या कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. कोणी हरकत घेतो का, याची वाट पाहत.

आपल्या लोकांच्या लग्नात लिहिण्यासारखं काही घडत नाही, अशी रिसबुडांची तक्रार होती. ते आज असते तर कथानकासाठी त्यांना गंधर्वनगरीत जावं लागलं नसतं. कुठल्याही जिल्ह्याच्या गावी, त्या कचेरीच्या फळ्यासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की पुरे. त्यावर दोन नावं असतात, दोन पत्ते असतात. कुणीतरी आपल्या हाताने निवड केलेली असते आणि महिनाभर जीव मुठीत धरून बसलेलं असतं.